घरकर्जाचा हप्ता झेपेनासा झाला तर: काय मागायचं, कुठे, किती दिवसांत

काम सुटलं, पगार अर्ध्यावर आला किंवा घरात मोठं आजारपण निघालं की पहिला घोर लागतो तो घरकर्जाच्या हप्त्याचा. दर महिन्याचा हप्ता किंवा भाडं भरून देणारी सरसकट सरकारी योजना आपल्याकडे नाही. जे मिळतं ते तीन वाटांनी: बँकेकडून हप्त्यात सवलत, सरकारकडून व्याजावर अनुदान, आणि आपलेच कुठेतरी अडकून पडलेले पैसे. प्रत्येक वाटेला मुदत आहे. लोक हरतात ते बहुतेक वेळा ती मुदत माहीत नसल्याने.

आधी दिवस मोजा

बँकेच्या संगणकाला तुमची अडचण दिसत नाही, दिवस दिसतात. हप्ता ठरल्या तारखेला जमा झाला नाही की खातं त्याच दिवशी थकीत धरलं जातं. ३० दिवसांपर्यंत पहिली पायरी, ६० पर्यंत दुसरी, ९० पर्यंत तिसरी. बँकवाले यांना एसएमए-०, १ आणि २ म्हणतात. ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक.

उदाहरण घेऊ. ५ जानेवारीचा हप्ता चुकला, पुढचे दोनही गेले. ५ एप्रिलला दिवसअखेर जानेवारीचा हप्ता तसाच असेल तर खातं एनपीए होईल. पण दिवस सर्वांत जुन्या थकलेल्या हप्त्यापासून मोजतात. त्यामुळे ३ एप्रिलला निदान जानेवारीचा एक पूर्ण हप्ता आणि त्यावर लागलेलं शुल्क भरलं, तर मोजणी ५ फेब्रुवारीपासून सुरू होते आणि महिनाभराची उसंत मिळते. तिन्ही हप्ते जमेपर्यंत थांबण्यापेक्षा हे कधीही बरं. पैसे भरल्यावर ते हप्त्यात धरले की आधी दंडात वळते केले, हे शाखेत विचारून घ्या. अर्धा हप्ता दंडात गेला की जुना हप्ता अपुराच राहतो आणि दिवस पुढे सरकत राहतात.

एकदा एनपीए झालं की एक-दोन हप्ते भरून सुटका होत नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे की मुद्दल आणि व्याजाची सगळी थकबाकी भरल्यावरच खातं पुन्हा नियमित धरता येतं. म्हणून खरी धावपळ ९० दिवसांच्या आत करायची असते, आणि उत्तम म्हणजे पहिला हप्ता चुकण्याआधी.

खात्यात पैसे नसताना ऑटो-डेबिट आलं की ते परत जातं. तुमची बचत खात्याची बँक शुल्क लावते, कर्ज देणारीही लावते. बँक रक्कम पुन्हा ओढायचा प्रयत्न करत राहिली तर दर वेळी नवं शुल्क लागू शकतं. धनादेश न वटण्यासारखाच हाही कायद्याने गुन्हा ठरू शकतो. तेव्हा हप्ता जाणार नाही हे कळताच, तारखेच्या आठ-दहा दिवस आधी शाखेला लेखी कळवा. खातं रिकामं करून गप्प बसणं हा सर्वांत महाग उपाय आहे.

बँकेकडे नेमकं काय मागायचं

"काहीतरी सवलत द्या" असं म्हटलं की उत्तर "बघू" असंच येतं. मागणी नेमकी हवी.

पहिली मागणी व्याजदराची. तिच्यासाठी हप्ता थकण्याची वाट पाहावी लागत नाही, म्हणून खातं नियमित असतानाच करा. १ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांना नवी बदलत्या दराची घरकर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) बाहेरच्या दराशी जोडावी लागतात. कर्ज त्याआधीचं असेल तर ते अजून एमसीएलआर किंवा बेस रेट या बँकेने स्वतः ठरवलेल्या दरावर असू शकतं आणि रेपो घटला तरी तुमच्यापर्यंत घट उशिरा, अर्धवट पोचते. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आला. तुमचा दर तेवढा उतरला का, हे स्टेटमेंटमध्ये पाहा. उतरला नसेल तर त्याच बँकेत रेपोच्या दरावर बदलून मागा. थोडं रूपांतर शुल्क लागतं. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना रेपोशी जोडण्याचं बंधन नाही. त्या स्वतःचा दर चालवतात, आणि नव्या ग्राहकाला कमी, जुन्याला जास्त असा प्रकार तिथे सर्रास दिसतो. नव्या ग्राहकाचा दर दाखवून घासाघीस करा, पुष्कळदा जमते.

१५ लाख शिल्लक आणि २० वर्षं बाकी असतील तर साडेनऊ टक्क्यांनी हप्ता साधारण १३,९८० रुपये बसतो, साडेआठने १३,०२०. महिन्याला साडेनऊशेच्या वर रुपये केवळ एका अर्जावर वाचतात.

दर घटल्यावर बँका बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. तुम्हाला आत्ता हाती पैसे हवे असतील तर "मुदत तीच ठेवून हप्ता कमी करा" असं लिहून द्यावं लागतं.

दुसरी मागणी मुदतवाढीची. ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडंथोडं, याची निवड कर्जदाराला द्यायची असते. वरच्याच १५ लाखांवर साडेआठ टक्क्यांनी १५ वर्षांचा हप्ता १४,७७० च्या आसपास येतो, २० वर्षांचा १३,०२०. महिन्याला १,७५० रुपये सुटतात, पण एकूण व्याज साडेचार लाखांहून अधिक वाढतं. तेव्हा हे दुखणं तात्पुरतं दाबणारं औषध आहे. दिवस सुधारले की जास्तीचे पैसे मुद्दलात भरा. व्यक्तीने घरासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व परतफेडीचं शुल्क लावता येत नाही. निवृत्तीचं वय आडवं आलं तर कमावत्या मुलाला सहकर्जदार घेऊन मुदत वाढवता येते का, ते विचारा.

तिसरी मागणी म्हणजे काही महिने हप्ते थांबवणं किंवा नुसतं व्याज भरणं. इथे जरा जपून. आर्थिक अडचणीमुळे अटी बदलल्या की बँक त्याला पुनर्रचना म्हणते. २०२०-२१ मधल्या करोनाच्या खास सवलती आता नाहीत. सर्वसाधारण नियमात पुनर्रचना झालेलं खातं बँकेला खालच्या वर्गात टाकावं लागतं आणि तुमच्या क्रेडिट अहवालात, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासात, तशी नोंद राहते. म्हणूनच शाखा व्यवस्थापक हे नाव ऐकताच मागे सरतो. दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न असेल तर आधी दर आणि मुदत यांवर भागतंय का ते पाहा. सहा महिने उत्पन्नच नसणार असेल तर मात्र अहवालाची काळजी बाजूला ठेवा, घर महत्त्वाचं.

कर्ज दुसऱ्या बँकेत हलवायचं तर तेही खातं स्वच्छ असतानाच जमतं. दोन हप्ते थकल्यावर नवी बँक दारात उभं करत नाही. हलवताना प्रक्रिया शुल्क, गहाणखतावरचं मुद्रांक शुल्क आणि नोटीस ऑफ इंटिमेशनचा, म्हणजे गहाणाची सूचना नोंदणी कार्यालयात देण्याचा खर्च धरा. अर्धा टक्क्याहून कमी फरकासाठी ही यातायात क्वचितच परवडते.

अर्ज असा लिहा

तोंडी बोलण्याला किंमत नाही. दोन प्रती घ्या, एकीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि सही घेऊन ती पोच जपून ठेवा. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर त्याच दिवशी रजिस्टर्ड टपालाने आणि ईमेलने पाठवा.

"प्रति, शाखा व्यवस्थापक. विषय: घरकर्ज खाते क्र. ____ चा हप्ता कमी करण्याबाबत.
महोदय/महोदया, माझे वरील खाते ____ पासून नियमित आहे. दि. ____ रोजी माझी नोकरी गेल्यामुळे / आजारपणामुळे कुटुंबाचे मासिक उत्पन्न रु. ____ वरून रु. ____ वर आले आहे. सध्याचा हप्ता रु. ____ आहे, मी दरमहा रु. ____ भरू शकतो/शकते. कृपया कर्जाची मुदत ____ वरून ____ महिने करून हप्ता त्यानुसार ठरवावा. नवीन व्याजदर, हप्ता आणि एकूण व्याज यांचा तक्ता लेखी द्यावा. सोबत: सेवासमाप्तीचे पत्र / रुग्णालयाची कागदपत्रे, सहा महिन्यांचे खाते-उतारे, इतर कर्जांची यादी."

भरू शकणारी रक्कम खरी लिहा. उत्साहात मोठा आकडा लिहिला आणि दुसऱ्याच महिन्यात चुकला, तर पुढच्या अर्जाला वजन उरत नाही. इतर कर्जं लपवू नका. बँकेला ती अहवालात दिसतातच. पर्सनल लोन किंवा क्रेडिट कार्डावर उचलून घराचा हप्ता भरणं मात्र पूर्ण टाळा. नऊ टक्क्यांचं देणं फेडायला त्याहून कितीतरी महागडं अंगावर घेतल्याने घर वाचत नाही, दोन सावकार होतात.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार करता येते. शुल्क नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. हाउसिंग फायनान्स कंपनीची तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेच्या ग्रिड्स पोर्टलवर जाते. दोन मुद्दे लोकपालापुढे पटकन टिकतात. एक, उशिराच्या हप्त्यावर "दंडव्याज" लावता येत नाही. फक्त दंडात्मक शुल्क घेता येतं आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. दोन, वसुली एजंटने सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, शेजारीपाजारी अब्रू काढायची नाही. कॉलची वेळ दिसणारा स्क्रीनशॉट हाच पुरावा.

व्याजावरचं सरकारी अनुदान

प्रधानमंत्री आवास योजना-शहरी २.० मध्ये व्याज अनुदानाचा भाग आहे. १ सप्टेंबर २०२४ किंवा त्यानंतर मंजूर आणि वितरित झालेल्या घरकर्जांसाठीच तो आहे. जुन्या कर्जाला नाही. आधीच्या योजनेतलं अडीच लाखांच्या वरचं अनुदान ३१ मार्च २०२२ ला संपलं. ते अजून मिळवून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

अटी अशा: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत (३ लाखांपर्यंत आर्थिक दुर्बल, ६ पर्यंत अल्प, ९ पर्यंत मध्यम गट). घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, चटई क्षेत्र १२० चौरस मीटरपर्यंत. पती, पत्नी आणि अविवाहित मुलं यांपैकी कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको, आणि गेल्या २० वर्षांत सरकारी घरकुलाचा लाभ घेतलेला नको. अनुदान पहिल्या ८ लाखांवर, १२ वर्षांच्या मुदतीपर्यंत, ४ टक्के. जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत, म्हणजे वर्षाला ३६ हजारांपर्यंत. दर वर्षी अनुदान सुटताना कर्ज चालू हवं आणि निम्म्याहून जास्त मुद्दल शिल्लक हवं. कुठूनतरी पैसे आले म्हणून तिसऱ्या वर्षी मोठी रक्कम भरून टाकली तर उरलेलं अनुदान हातचं जाऊ शकतं. भरण्याआधी हिशेब करा. आणि वर्षातून एकदा येणारा पैसा गृहीत धरून दरमहाचा हप्ता ठरवू नका.

अर्ज फुकट आहे. योजनेच्या संकेतस्थळावर राज्य, उत्पन्न, घर आहे-नाही ही माहिती आणि आधारचा ओटीपी दिला की पात्रता तपासली जाते. कर्ज देणाऱ्या बँकेकडेही अर्ज देता येतो, आणि अनुदानाचा दावा पुढे तीच पाठवते. कुटुंबातल्या सगळ्यांची आधार कार्डं, उत्पन्नाचा दाखला, पक्कं घर नसल्याचं हमीपत्र आणि मालमत्तेची कागदपत्रं लागतात.

अर्ज अडतात ते पुढच्या कारणांनी. आधारवर "सुनिता", करारनाम्यात "सुनीता". करारनामा फक्त नवऱ्याच्या नावे. योजनेत घर कुटुंबातल्या स्त्रीच्या किंवा दोघांच्या नावे लागतं, घरात प्रौढ स्त्री नसेल तरच अपवाद. गावाकडच्या पक्क्या घराच्या उताऱ्यावर नवऱ्याचं नाव वारसाने चढलेलं. किंवा घर योजनेच्या शहरी हद्दीबाहेर. करारनामा नोंदवण्याआधीच नावं आणि स्पेलिंग जुळवा. नोंदणीनंतर चूकदुरुस्तीचा दस्त करावा लागतो, त्यात पैसेही जातात आणि दिवसही.

आपलेच अडकलेले पैसे

भविष्य निर्वाह निधीतून घरकर्ज फेडायला पैसे काढता येतात. यासाठी दहा वर्षांच्या सदस्यत्वाची अट होती; ऑक्टोबर २०२५ मध्ये निधीच्या विश्वस्त मंडळाने सेवेची अट सरसकट १२ महिन्यांवर आणण्याचा निर्णय घेतला. निधीच्या यूएएन (सदस्य क्रमांकाच्या) पोर्टलवर फॉर्म ३१, म्हणजे पैसे काढण्याचा अर्ज, उघडला की तुम्हाला कोणतं कारण लागू आहे ते दिसतं. दावा फेटाळला जातो तो बहुतेकदा बँक खात्याचं केवायसी अपुरं असल्याने किंवा जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख न भरल्याने.

कर्ज घेताना बँकेने गळ्यात मारलेली विमा पॉलिसी बाहेर काढा. तिच्यात अपंगत्व, गंभीर आजार, कधीकधी नोकरी जाण्याचंही संरक्षण असतं. कर्जदार वारला आणि बायको पै-पै करून हप्ते भरतेय, पॉलिसी मात्र फाइलमध्ये पडून आहे, असं घडू देऊ नका. सँक्शन लेटर आणि पहिल्या वितरणाच्या स्टेटमेंटमध्ये विम्याचा प्रीमियम कापलेला दिसतो का ते पाहा.

गवंडी, सेंट्रिंग, रंगकाम, प्लंबिंग अशी कामं करणाऱ्यांनी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी जिवंत ठेवावी. वय १८ ते ६०, मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. मंडळाकडे घरासाठीच्या अर्थसाह्याच्या योजना आहेत, पण नूतनीकरण चुकलं की दावा करता येत नाही.

भाड्याचं काय

भाड्याला थेट मदत मिळते ती प्रामुख्याने पुनर्विकासात. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत झोपडी रिकामी केली की नवं घर मिळेपर्यंतचं भाडं विकासकाने द्यायचं असतं. मुंबईत २०२३ पासून दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा आणि पुढच्या वर्षाचे धनादेश घेण्याचा नियम प्राधिकरणाने केला आहे. ते झाल्याची खात्री केल्याशिवाय किल्ली देऊ नका. भाडं थांबलं तर सोसायटीच्या नावाने एकच मोघम अर्ज देण्यापेक्षा प्रत्येकाने पात्रता यादीतला आपला क्रमांक, शेवटचं भाडं मिळाल्याची तारीख आणि थकलेले महिने लिहून प्राधिकरणाकडे वेगळा अर्ज द्यावा. आकडा असलेला अर्ज वसुलीला लावता येतो.

नोटीस आली तर

एनपीएनंतर बँक सरफेसी कायदा, २००२ (गहाण मालमत्ता ताब्यात घेऊन वसुली करण्याचा कायदा) च्या कलम १३(२) खाली ६० दिवसांची नोटीस पाठवते. ती न स्वीकारल्याने टळत नाही. दारावर चिकटवता येते, वर्तमानपत्रात छापता येते. २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सहकारी बँकाही हा कायदा वापरतात. पतसंस्थांची वसुली मात्र सहकार कायद्याखाली, उपनिबंधकांच्या दाखल्यावर चालते, तिची वाट वेगळी. मुद्दल आणि व्याज मिळून २० टक्क्यांहून कमी देणं उरलं असेल तर सरफेसी लागू होत नाही. शेवटच्या टप्प्यातल्या कर्जदारांना हे कुणी सांगत नाही.

या ६० दिवसांत लेखी हरकत द्या: आकडा चुकला, भरलेले हप्ते धरले नाहीत, दंडावर व्याज चढवलं, जे असेल ते. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. साठ दिवस सरल्यावर बँक ताबा घेऊ शकते. आधी कागदोपत्री ताब्याची नोटीस दारावर आणि दोन वर्तमानपत्रांत येते, प्रत्यक्ष ताब्यासाठी जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश घेतात.

ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत अर्ज करता येतो. महाराष्ट्रात ती मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. देणं दहा लाखांहून कमी असेल तर लाखामागे ५०० रुपये शुल्क. दिवाणी न्यायालयातून स्थगिती आणून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. या विषयात दिवाणी न्यायालयाला अधिकारच नाही, आणि तिथे घालवलेल्या दिवसांत ४५ सरतात. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि अपंग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत.

सगळी थकबाकी भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. त्यामुळे हप्ता कधीच झेपणार नाही हे दिसत असेल, तर लिलावाची वाट पाहू नका. बँकेची लेखी संमती आणि आजच्या देण्याचा दाखला घेऊन घर स्वतः विका. लिलावात भाव पडतो, वर लिलावाचा खर्चही तुमच्याच माथी. देण्यापेक्षा कमी रक्कम भरून एकरकमी तडजोड केली तर क्रेडिट अहवालात "सेटल्ड" अशी नोंद राहते, पूर्ण फेडीसारखी "क्लोज्ड" नाही. लिलाव झालाच तर देणं आणि खर्च वजा जाऊन उरलेली रक्कम तुमची असते. ती मागणारा अर्ज हिशेबाच्या मागणीसह द्या. आणि कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत मिळायला हवीत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई देणं तिला भाग आहे.